मुखत्यार कोणास नेमावे?

देवाला कोर्टात स्वतः बोलता येत नाही. हे विधान वाचून कोणा भाविकाने रुष्ट होऊ नये. ते आमचे नसून कायद्याचे आहे. विधिपूर्वक स्थापन झालेली मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती असून तिला मालमत्ता धारण करता येते व तिच्या नावे दावाही लावता येतो. परंतु साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून आपली कैफियत सांगणे तिला शक्य नसल्यामुळे न्यायालये तिला कायमच्या अज्ञान पक्षकाराप्रमाणे वागवतात. (अज्ञान म्हणजे येथे अल्पवयीन, कायद्याच्या मराठीत हा शब्द असाच रूढ आहे.) गोमंतकातील आपल्या देवस्थान समित्यांत अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार यांच्या जोडीला मुखत्यार हा अधिकारी असतो, तो याच कारणासाठी. अध्यक्षपदासाठी होते तेवढी चुरस या जागेसाठी क्वचितच होते. तथापि जाणते महाजन मुखत्यार निवडताना दोन गोष्टी पाहिल्यावाचून राहत नाहीत: हा गृहस्थ कागद जपतो की नाही, आणि याचा स्वतःचा बाग देवाच्या जमिनीला लागून तर नाही ना!

ही दुसरी चौकशी केवळ गावकीच्या शहाणपणाची आहे असे नाही. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातील एक तंटा 1925 साली प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला होता. पूजेची पाळी ज्याच्याकडे येईल त्याला कुलदेवतेची मूर्ती आपल्या घरी हलविता येईल काय, असा प्रश्न होता. पाळीवरून होणारे तंटे आमच्या वाचकांस नवे नाहीत. त्या न्यायाधीशांनी असे सांगितले की, भांडणाऱ्या दोन्ही पक्षांखेरीज देवतेच्या इच्छेचाही विचार झाला पाहिजे. आणि तो व्हावा म्हणून ज्याचा या तंट्यात कसलाही हितसंबंध नाही असा एक मित्र कोर्टाने देवतेच्या वतीने नेमावा. वकिलीच्या अभ्यासक्रमात हा निकाल आम्ही परीक्षेपुरता वाचला होता. त्यातील 'हितसंबंध नसलेला मित्र' या शब्दांचे वजन मात्र आम्हांस बऱ्याच वर्षांनी, आणि देवळाशी संबंध नसलेल्या एका प्रकरणात कळले.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे, आणि आमची वकिलीही बेळगावात. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या भागांत अशी गावे आहेत की जेथे लष्करात गेलेला माणूस नाही असे घर शोधावे लागते. त्यांतील बहुतेक जण धडधाकट परत येतात व शेतीला लागतात. काही मात्र मोडलेले शरीर घेऊन येतात. गोळी लागून मोडलेल्या शरीराविषयी फारसा वाद होत नाही. वाद होतो तो रोगाविषयी. सैनिकाला रोगामुळे घरी पाठविताना वैद्यकीय मंडळ दोन गोष्टी नोंदविते: अपंगत्व किती टक्के, आणि ते सेवेमुळे आले की नाही. 'हा रोग सेवेमुळे जडलेला नाही व सेवेमुळे बळावलेलाही नाही' एवढी एक ओळ लिहिली गेली की अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज नामंजूर होतो. त्यावर सहा महिन्यांच्या आत पहिले अपील, ते फेटाळले गेल्यास दुसरे, आणि तेथेही नकारच मिळाला तर 2007 च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण, असा हा मार्ग आहे.

पहिल्या दोन पायऱ्यांवर दिल्लीतील समित्यांपुढे कोणी उभे राहून भाषण करीत नाही; तेथे कागदच बोलतो. न्यायाधिकरणापुढे मात्र अर्जदार स्वतः उभा राहू शकतो, किंवा आपल्या पसंतीच्या वकिलाचे साहाय्य घेऊ शकतो, असे त्या कायद्याचे 23 वे कलम सांगते. 'आपल्या पसंतीच्या' हे शब्द कलमातच आहेत. गंमत अशी की, लोक पसंतीचा विचार करू लागतात तो या तिसऱ्या पायरीवर आल्यावर. पहिले अपील कोणीही लिहावे, त्यात काय आहे, अशी समजूत असते. आणि ते खरोखरच कोणीही लिहितो. पुढे न्यायाधिकरणातील वकिलाला जी विहीर खोल करावयाची असते तिची जागा या 'कोणीही'ने आधीच ठरवून ठेवलेली असते.

2023 सालच्या पावसाळ्यात चंदगड तालुक्यातील एक निवृत्त नाईक आपल्या पत्नीसह आमच्या कचेरीत आले. (नाईक हा येथे लष्करातील हुद्दा आहे, गोव्यातील वाचकांनी आडनाव समजून आपल्या सोयऱ्यांत शोध घेऊ नये.) त्यांना अपस्माराचा विकार जडला होता. 2016 साली वीस टक्के अपंगत्व नोंदवून त्यांना घरी पाठविण्यात आले. पदरी नऊ वर्षांची नोकरी, हाती एकरकमी ग्रॅच्युइटी, आणि त्या नोंदीखाली वर सांगितलेली ती एक ओळ. ट्रॅक्टर चालविता येत नाही, विहिरीवर एकट्याने जाता येत नाही, चुलीजवळ बसता येत नाही. पस्तिशीतल्या शेतकऱ्याचे उरले काय? पहिले अपील 2017 साली फेटाळले गेल्यावर त्यांनी आपले सारे प्रकरण एका निवृत्त कारकुनाच्या हवाली केले होते. कचेऱ्यांतून आपली ओळख असल्याचे हा गृहस्थ सांगत असे. त्याने तीन गोष्टी करून घेतल्या. थकबाकीची जी रक्कम मिळेल तिच्यातील चाळीस टक्के त्याला देण्याचा करार मुद्रांकावर लिहून घेतला. 'कधीही रद्द न होणारे' असे मोठ्या अक्षरांत टंकलेले मुखत्यारपत्र घेतले. आणि सर्व अस्सल कागद स्वतःजवळ ठेवून घेतले. चौथीही एक गोष्ट त्याने करून घेतली होती; ती त्या दिवशी आम्हांस कोणी सांगितली नाही.

त्याने केलेल्या दुसऱ्या अपिलाची एक प्रत नाइकांच्या पत्नीने जपून ठेवली होती. आम्ही ती वाचली. छापील नमुन्यात नाव, क्रमांक व तारखा भरलेल्या. तिसऱ्या परिच्छेदात 'माझ्या गुडघ्यास झालेली इजा' असे शब्द होते. गुडघा दुसऱ्या कोणा जवानाचा होता. नमुन्यात राहून गेला होता.

येथे थोडे कायद्याचे सांगणे भाग आहे, कारण ज्यांना याची गरज पडते त्यांना ते कोणी सांगत नाही. सन 1871 चा निवृत्तिवेतनाचा एक जुना कायदा आहे. पूर्वीच्या सेवेबद्दल किंवा शारीरिक दुर्बलतेबद्दल सरकारने दिलेले निवृत्तिवेतन सावकाराला जप्त करता येत नाही, असे त्याचे 11 वे कलम म्हणते. आणि अद्याप हाती न आलेल्या अशा रकमेवर दुसऱ्याला हक्क देणारा कोणताही करार निरर्थक आहे, असे 12 वे. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे कलम लिहिले त्यांना या कारकुनाचे पूर्वज चांगले ठाऊक असले पाहिजेत. मुखत्यारपत्रावर 'रद्द न होणारे' असे टंकल्याने ते तसे होत नाही. मिळकतीत मुखत्याराचा स्वतःचा हक्क असेल तरच ती गोष्ट संभवते, आणि येथे तो हक्क देणारा करारच निरर्थक. वकील मंडळींना तर फळाच्या वाट्यावर काम करण्याची मुळातच मनाई आहे. निकालावर अवलंबून असलेला मेहनताना ठरवू नये व मिळणाऱ्या रकमेत भागीदार होऊ नये, असा भारतीय वकील परिषदेचा नियम आहे. तो सर्वत्र पाळला जातो असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु एखादा वकील पहिल्याच भेटीत टक्केवारी काढू लागला, तर तो आपल्याच धंद्याचा नियम मोडून प्रारंभ करीत आहे एवढे अशिलाने ओळखावे.

कागद अडवून ठेवण्याविषयीही असेच. मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेच्या वकिलाने मेहनतान्याची बाकी मिळेपर्यंत बँकेच्या फायली परत करण्याचे नाकारले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि बाकी असो वा नसो, अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही असे 2000 साली ठरले. वकिलाला जो हक्क नाही तो कारकुनाला कोठून येणार?

आम्ही हे सारे समजावून सांगितले. करार निरर्थक आहे, मुखत्यारपत्र एका नोटिशीने रद्द होईल, कागद मागून घेऊ. नाईक खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "साहेब, कायद्यानं करार रद्द असंल. पण मी गावच्या देवळात नारळ ठेवून शब्द दिलाय. तो कोण रद्द करणार?"

चौथी गोष्ट ती ही. या प्रश्नाचे उत्तर देणारे कलम आमच्या कपाटातील एकाही ग्रंथात नव्हते. शहरातील एका स्नेह्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते 'अडाणीपणा' असे म्हणून मोकळे झाले. आम्हांला तसे वाटले नाही, आजही वाटत नाही. देवापुढे दिलेला शब्द मोडताना ज्याचा हात थरथरतो असा माणूस अशील म्हणून मिळणे हे भाग्यच आहे. आणि त्या कारकुनाचेही नवल वाटले. मुद्रांकाच्या कागदापेक्षा नारळ अधिक पक्का आहे, हे त्याने आमच्याआधी ओळखले होते.

आम्ही काही बोललो नाही. बोलल्या त्या बाई. नवऱ्याकडे वळून त्यांनी विचारले, "शब्द काय दिलासा ते तरी सांगा. नुसतं देईन म्हणालासा, का काम झाल्यावर देईन म्हणालासा?"

"काम झाल्यावर."

"मग काम झालंय कुठं? गुडघा लिवलाय त्यानं."

आमच्या वीस वर्षांच्या वकिलीत यापेक्षा नेमकी उलटतपासणी आम्ही ऐकलेली नाही. तरीही नाईक त्या दिवशी काही कबूल न करता उठले. पुढच्या आठवड्यात त्यांनी गावी जाऊन चार जाणत्यांना बोलाविले आणि गुरवाकडून देवाला गाऱ्हाणे घातले. काम न होता शब्द सुटला असे मानावे काय, हे विचारले. तेथे कोणता कौल मिळाला ते आम्ही विचारले नाही, कारण तो प्रश्न आमच्या अधिकारातील नव्हता. त्यांनी येऊन इतकेच सांगितले की, टंकलेखन, टपाल आणि दोन खेपांचा खर्च म्हणून अकरा हजार रुपये त्या गृहस्थाला द्यावयाचे ठरले आहे. आमच्या हिशेबाने ही रक्कम दुप्पट होती. आम्ही तसे म्हटले नाही. कागद परत आले. दोन गहाळ होते.

मग त्यांनी आमच्यापुढेच वकालतनामा ठेवला. आम्ही तो घेतला नाही, आणि त्याचे कारण येथे लिहिण्यासारखे आहे. आमचे काम कुळवहिवाटीचे, वाटण्यांचे आणि देवस्थानांचे. लष्करी निवृत्तिवेतनावरील चार निकाल वाचल्याने त्या शाखेतील वकील होता येत नाही. शिवाय चंदगड महाराष्ट्रात, त्यामुळे प्रकरण न्यायाधिकरणाच्या मुंबई येथील खंडपीठापुढे चालणार. नाईक सीमेच्या अलीकडे पाच कोसांवर राहत असते तर तेही बदलले असते. घरच्या ओळखीचा वकील तोच सर्व कामांचा वकील, ही आपल्याकडील रीत मायेची खरी, परंतु डोळ्यांचे दुखणे घेऊन आपण घरच्या ओळखीच्या अस्थितज्ज्ञाकडे जात नाही. आम्ही तीन नावे दिली आणि तिघांना भेटून निवड तुम्हीच करा असे सांगितले. यावर गावातील त्यांच्या एका चुलत्यांनी आम्हांस दूरध्वनी करून दटावले की, आजारी माणसावर असले ओझे कशाला टाकता, तुम्हीच ठरवून द्या. अपस्मार झालेल्या माणसाची बुद्धी दोन झटक्यांच्या मधल्या काळात शाबूत असते, हे त्यांना पटविणे कठीण गेले.

पहिल्या वकिलांचे नाव मोठे होते. त्यांनी दहा मिनिटे स्वतःच्या जिंकलेल्या प्रकरणांविषयी सांगितले. दुसऱ्यांनी तीस टक्क्यांची भाषा केली. तिसऱ्या एक स्त्री वकील होत्या. त्यांनी दोघांना बसवून घेतले आणि भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा कागद मागितला. तो गहाळ झालेल्या दोहोंपैकी एक निघाला. तेव्हा दहा रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकाराखाली त्याची नक्कल मागविण्याचा अर्ज त्यांनी तेथल्या तेथे लिहून दिला. हाच कागद का, तर सन 2013 मध्ये धरमवीर सिंग या जवानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले आहे की, भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल तर माणूस निरोगी दाखल झाला असे धरावे. नंतर जडलेला रोग सेवेशी संबंधित नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर आहे, आणि शंकेचा फायदा जवानाला मिळावयास हवा. धरमवीर सिंगांचा विकारही अपस्माराचाच होता व टक्केवारीही वीसच. त्या बाईंनी मागणीच्या कलमात आणखी एक ओळ घातली, जी कारकुनाच्या नमुन्यात कोठेच नव्हती: वीस टक्क्यांचे अपंगत्व नियमाप्रमाणे पन्नास टक्के धरून हिशेब व्हावा. हे पूर्णांकन 2001 सालच्या सरकारी आदेशातील आहे, आणि 2014 च्या राम अवतार यांच्या प्रकरणानंतर त्याविषयी फारसा वाद उरलेला नाही. परंतु मागितलेच नाही तर देतो कोण? 21 सप्टेंबर 2023 पासून याविषयीचे नियम नव्याने लागू झाले आहेत, तेव्हा त्यानंतर सेवेतून आलेल्या जवानांचे कागद जुन्या नमुन्यावर भरणारा मनुष्य त्यांचे अधिकच नुकसान करील.

एवढे झाल्यावर त्यांनी नाइकांना विचारले, "पहिला झटका आला तेव्हा जवळ कोण होते?"

सात वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. उत्तरेकडील एका उंच ठाण्यावर, रात्रीच्या पहाऱ्यावर, ते कोसळले होते. शेजारी बिदरकडचा एक शिपाई होता, त्यानेच त्यांना ओढत आत नेले. वैद्यकीय मंडळाच्या कागदात यातील काहीच नव्हते. बाईंच्या पिशवीतून मग कालनिर्णयाची सात वर्षांची पाने निघाली. प्रत्येक झटक्याच्या तारखेला पेन्सिलीने फुली, आणि काही ठिकाणी बाजूला 'भात लावणी', 'बाजार', 'देऊळ' असे एकेक शब्द.

बाहेर आल्यावर नाईक पत्नीला म्हणाले म्हणे, "ह्या आपल्याला विचारतात, बाकीच्यांनी सांगितलं." निवड झाली. शेवटी त्या वकीलबाईंनी हेही स्पष्ट केले होते की, यश येईलच असे आपण सांगू शकत नाही, आणि आपला मेहनताना अमुक इतका, तीन हप्त्यांत, निकाल काहीही लागो. असे रोखठोक बोलणे ऐकून पुष्कळ लोक दुसरीकडे जातात, कारण आश्वासन देणारा माणूस अधिक जिव्हाळ्याचा वाटतो.

ज्यांना तेवढेही पैसे देणे शक्य नाही त्यांच्यासाठी 1987 चा विधि सेवा प्राधिकरणांचा कायदा आहे. त्याच्या 12 व्या कलमात अपंग व्यक्तींचा स्वतंत्र उल्लेख असून त्यांना उत्पन्नाची मर्यादा लागू नाही. टक्केवारीवरून वा प्रमाणपत्रावरून कोठे अडले तर अल्प उत्पन्न हा दुसरा दरवाजा आहेच. 2025 साली राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणाने सैनिकांच्या कुटुंबांसाठी निराळी योजनाही सुरू केली. सरकारी वकील म्हणजे फुकटचा वकील आणि फुकटचा तो कामाचा नव्हे, असे आपल्याकडे बोलले जाते. वकील म्हणून आम्हांस हे बोलणे पूर्णपणे खोटे ठरविता येत नाही. परंतु तेथेही कागद मागतो की नाही, प्रश्न विचारतो की नाही, ही परीक्षा करता येते, आणि समाधान न झाल्यास दुसरा वकील देण्याची विनंती करण्यात काही गैर नाही.

अर्ज 2024 मध्ये दाखल झाला. सरकारपक्षाने उत्तरात 2008 सालच्या तरसेम सिंग यांच्या निकालावर बोट ठेवले आहे: निवृत्तिवेतनाचा हक्क महिन्यामहिन्याने पुन्हा निर्माण होतो म्हणून उशीर झाला तरी दावा बुडत नाही, परंतु मागील थकबाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांचीच द्यावयाची. तसे झाले तर 2016 पासूनची पाच वर्षे गेली. नाइकांनी हे ऐकून आम्हांस विचारले की, ती पाच वर्षे कोणाच्या खाती मांडावयाची. आम्ही त्यांना चहा दिला.

बिदरकडील त्या शिपायाचा पत्ता लागण्यास चार महिने लागले. तोही आता निवृत्त असून दुकान चालवितो. त्याने प्रतिज्ञापत्र कन्नडमध्ये लिहून दिले. त्याचे भाषांतर आम्ही करून घेतले, या प्रकरणातील आमचे काम तेवढेच. त्यात तारीख आहे, ठाण्याचे नाव आहे, आणि पडलेल्या जवानाचे दात उघडण्यासाठी आपण पट्ट्याचे टोक वापरले असे लिहिले आहे. तसे करू नये असे आता डॉक्टर सांगतात; परंतु तो प्रत्यक्ष हजर होता हे सांगण्यास त्याहून चांगला पुरावा नाही. प्रतिज्ञापत्र दाखल झाले असून प्रकरण अद्याप चालू आहे.